चांदातला हत्ती

प्रिय हेमा,

तुझी तसबीर पोचली, आणि जिच्या लग्नासाठी काढलीस तिच्या हातात गेली. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या पोटातलं लेकरू घाबरायचं न्हाई. विशाखाचं लगन पार पडलं. कुणी कुणाला वाकडं बोललं न्हाई. मी गेले, जेवले आणि माझ्या पायानं चालत घरी आले. चार-आठ दिवस छातीवर जात्याची तळी ठेवल्यासारखं झालं होतं, ते आज उतरलं, म्हणून ओट्यावर बसून लिहायलेय. चष्म्याची एक काडी तुटलीय, ती दोऱ्यानं कानाला बांधलीय. निजामाच्या राज्यात दुसरीपर्यंत शाळेत गेले, तेवढ्यावर हा सगळा कारभार चाललाय. तवा चुका काढत बसू नकोस. त्या कामाला तुझी सासू हाय.

तुझा बाप परभणीला गेला तवा जावईबापूंनी स्टँडवर त्याच्या हातात गाठोडं दिलं. सोनपेठच्या गाडीत बसायला जागा मिळाली न्हाई, तर भुजंग तुझी तसबीर दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्यानं आला. तू झाली तवाबी त्यानं तुला एवढं धरलं न्हवतं. तू सोता येणार होतीस. सातव्या महिन्यात एसटीचे हादरे बसतात म्हणून सासूनं धाडलं न्हाई असं जावईबापू म्हणले. हादऱ्याचं मला कळतं, मी पाच बाळंतपणं बैलगाडीत हादरून केलीत. खरं कारण तिलाबी ठाऊक हाय, मलाबी. ते पुढं लिहिते.

गाठोडं सोडलं आणि तुझी आई आणि मी बघतच राहिलो. पिंपळाचं झाड, पान न् पान मोजून घ्यावं असं. खालून पायवाट, आणि तिच्यावर दोन पोरी पाठमोऱ्या, तू आणि विशाखा. एकीच्या वेणीला लाल रिबीन, एकीच्या निळी. एका काठीला दोघींची दप्तरं मधोमध अडकवलेली आणि काठीचं एक टोक हिच्या खांद्यावर, एक तिच्या. ती काठी माझी हाय. कोंबड्या हाकायला ठेवलेली काठी शाळेच्या वेळेला कुटं गायब होती ते मला इतक्या वर्सांनी तसबिरीत कळलं. पोरी, मी त्या काठीपायी तुझ्या आईला किती बोलले होते.

आता मुद्द्याचं. पिंपळाच्या शेंड्यावर, वर मधोमध, तू पेन्सिलीनं बांगडीएवढा गोल आखून कोरा ठेवला होतास. सोबत चिठ्ठी, की आज्जी, मला आता जास्त वेळ बसवत न्हाई, वरचा गोल तेवढा राहिलाय, तू भरून दे, तुझा हात चांगला हाय. हात चांगला हाय हे खरं. पण मला सांग, लग्नाच्या वस्तूवर वर मधोमध गोल राखून ठेवला तर त्याच्यात कोण बसतं? पत्रिका बघ, चौकटीवरची पट्टी बघ, भांड्याच्या दुकानातली पिशवी बघ. तू नुसतं चांद एवढं लिहिलं असतंस तर मी एवढं पत्र लिहीत बसले नसते.

मी तेलात शेंदूर कालवला. बाभळीची काडी चावून कुंचली करायची, पण दात राहिले न्हाईत म्हणून दगडानं ठेचली. सोंड डावीकडं वळवली, एक सुळा आखा, एक मोडका, पोट चांगलं भरलेलं, हातात लाडू. एवढ्याशा गोलात असा ऐसपैस बसला की मीच हात जोडले. मग उन्हाला वाळत ठेवला आणि कोंबड्या राखत बसले, मनातून खुशाल.

तुझी आई रानातून आली. डोक्यावरचा भारा टाकला आणि तसबिरीपुढं अशी उभी राहिली की मला वाटलं, आता पाया पडती. ती म्हणली, आत्याबाई, हे काय करून ठेवलंत. मी म्हणलं, का, सोंड चुकली का? ती आत गेली आणि डाळीच्या डब्यामागून विशाखाची पत्रिका घेऊन आली. वर बघा म्हणली. वर मधोमध बुद्ध बसलेले, बाजूला बाबासाहेब. विशाखा सोता येऊन ती देऊन गेली होती, तवा चष्मा सापडला न्हाई म्हणून मी नुसती हातात घेऊन ठेवून दिली होती. त्यांच्यात गणपती पुजत न्हाईत, धर्म घेताना तशी शपथच घेतलेली हाय, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. मलाबी ठाऊक होतं. पण हाताला ठाऊक न्हवतं. हात साठ वर्सं एकाच वाटेनं गेलेला, तो कशाला इचारतो. कमल म्हणली, पिंपळ हाय, वैशाखी पुनवेचं लगन हाय, हा गोल म्हणजे चांद असणार, आत्याबाई. मी त्या गोलाकडं बघितलं आणि माझी बोलतीच बंद झाली. तुझ्या आईला हा दिवस बघायला इतकी वर्सं लागली, तर तिनंबी काही हसून घेतलं न्हाई. यावरून काय ते समज.

दुसऱ्या कुणाचं घर असतं तर मी म्हणलं असतं, जाऊ द्या, पुसा न्हाईतर फेका. पण हे घर सरजाबाईचं. तिच्या नातीचं लगन. तू तवा सातवीत होतीस, तुला थोडं आठवत असंल, थोडं आमी तुला कळू दिलं न्हाई. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्यावरून गावोगाव पेटलं, तवा आपल्या गावातबी बौद्धवाड्यातली घरं जळाली. आपल्या घरचं कुणी काडी घेऊन गेलं न्हवतं. पण घागर घेऊनबी कुणी गेलं न्हवतं, आणि सरजाबाईला हे दोन्ही ठाऊक. त्याच्या आधी ती आपल्या रानात कापूस वेचायला यायची. माझी ओळ आणि तिची ओळ शेजारी. दिवसभर ती मला आणि मी तिला बोलून घ्यायचो, सासवांपासून सुनांपर्यंत कुणी सुटायचं न्हाई. त्यानंतर ती आपल्या बांधावर आली न्हाई. रस्त्यात दिसली तर समोर बघून जायची, मीबी समोर बघून जायचे. आठ वर्सं दोन म्हाताऱ्या एकाच गावात अशा, जशी मधून भिंत घातलीय.

विशाखाच्या बापानं, आश्रुबानं, तिला पालमला मामाकडं शाळेला ठेवलं आणि तू तिला पत्रं धाडायला लागलीस. मला वाटलं, पोरींचं खूळ हाय, रिबिनी जुन्या झाल्या की मोडंल. मोडलं न्हाई. ती मास्तरीण झाली, तुझं लगन झालं, तरी मोडलं न्हाई. आणि आता तुमी दोघींनी एवढं जपलेलं, त्याच्या डोक्यावर मी शेंदरानं आमचा देव बसवून ठेवला होता. घरं जाळली तेवढ्यानं भागलं न्हाई, आता भिंतीवर देवबी आमचाच टांगा, असंच झालं असतं ना ते. सरजाबाईनं मांडवातून तसबीर बाहेर भिरकावली असती तर मी तिला दोष दिला नसता. पण खाली कोपऱ्यात नाव तुझं होतं, माझं न्हाई.

तुझा बाप म्हणला, जाऊच नका, एक स्टीलचा डबा पाठवून देऊ. तुझ्या बापाचं असंच हाय, अवघड जागी डबा पाठवतो. मी म्हणलं, डबा तिला दुकानात मिळतो, ही काठी मिळत न्हाई. मग कमलनं रॉकेलचा बोळा केला आणि पुसायला घेतलं. शेंदूर तेलातला, तो निघतो व्हय. लाडू गेला, हात गेले, बाकीचं पसरलं. गणपती होता त्याचा लाल गोळा झाला. आता तर देवाचीबी विटंबना आणि तसबिरीचीबी. कमल रडायली. मी तिला म्हणलं, रड, पण बोळा बाजूला ठेव, आणखी पुसू नकोस, सोंड शाबूत हाय.

सोंडेकडं बघूनच मला सुचलं. माझं माहेर देवगाव फाट्याच्या अलीकडं. तिकडं लग्नघराच्या दाराला दोन्ही अंगांनी हत्ती काढायचे, चुन्यानं आणि गेरूनं. गावात कुणाचंबी लगन असो, उजवीकडचा हत्ती माझा. डावीकडचा दुसऱ्या कुणाला द्यायचे, कारण मला हत्ती एकाच तोंडाचा येतो. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला आणलेल्या रंगातली पांढरी डबी माळ्यावर उरली होती. वरची साय काढली, खाली रंग ओला होता. सोंड ठेवली, कान मोठे केले, पोटाला चार पाय दिले, शेपूट दिलं, सगळ्यावर पांढरा फिरवला. खालचा शेंदूर काही पुरता दबला न्हाई, हत्तीला जरा लाली आली, आमच्या काळची नवरी लाजायची तशी. उरलेल्या गोलात हळद कालवून चांद केला. कमल डोळे पुसून म्हणली, चांदात हत्ती कसा काय? मी म्हणलं, ससा असतो तो कसा काय?

लग्नाच्या दिवशी आमी दोघी निघालो. तसबीर माझ्या नव्या लुगड्यात गुंडाळली. तानुबाई तिच्या ओट्यावर बसलेली असतेच. कुटं निघालात म्हणली. लग्नाला म्हणलं. कुणाच्या म्हणली. नवरीच्या म्हणलं. ती पुढं काही म्हणायच्या आत आमी वळणावरून गेलो. बौद्धवाड्याच्या तोंडाशी पोचले तवा मी हळू झाले, खोटं कशाला सांगू. कमलनं माझ्या हाताला धरलं न्हाई, नुसती माझ्याएवढीच हळू चालायली. सून म्हणून बरी हाय, तिला सांगू नकोस.

मांडवाला निळ्या पताका. सरजाबाई पुढंच उभी होती. पाठ वाकलीय, जीभ तशीच सरळ हाय. मला बघून म्हणली, मनकर्णाबाई, आठ वर्सांनी रस्ता घावला का? पूर्वी ती मला मालकीणबाई म्हणायची. आता नावानं बोलली. कानाला जरा टोचलं, आणि लगेच बरंबी वाटलं, कारण मला नावानं हाक मारणारं आता जगात कुणी राहिलेलं न्हाई. मी म्हणलं, रस्ता तिथंच होता, पाय धजत न्हवते. ती म्हणली, मग आज कसे धजले? मी म्हणलं, नातीचं ओझं हाय डोक्यावर, तिनं ढकललं. ती बाजूला सरकली. या म्हणली न्हाई, पण सरकली.

नवरी पांढऱ्या लुगड्यात. मला आधी कसंतरीच वाटलं, मग बघता बघता डोळ्याला सवय झाली, आणि पोरगी दिसायलीबी छान. मेणबत्त्या लावल्या, पाली भाषेतलं म्हणलं, मला त्यातलं कळलं न्हाई, तसं आपल्या भटजीचंबी कुटं कळतं. अक्षतांच्या जागी फुलं दिली. मी सवयीनं मुठीत तांदूळ चाचपत होते.

मग भेटी द्यायची वेळ आली. मी लुगडं सोडलं. विशाखानं आधी काठी बघितली. काठीवरनं बोट फिरवलं, आणि लाल रिबिनीवर, आणि नवऱ्याकडं न बघता माझ्याकडं बघून हसली, डोळ्यांत पाणी घेऊन. मग वर बघितलं. सगळा मांडव त्या गोलाकडं बघायला लागला. ती म्हणली, आज्जी, हे हेमाला कसं सुचलं? मी म्हणलं, तिला सुचतं काहीबाही. मग ती बायांना सांगायला लागली, शाळेत सांगते तसं. म्हणली, बुद्ध पोटात आले तवा त्यांच्या आईला, महामायेला, पुनवेच्या राती सपान पडलं, पांढरा हत्ती आभाळातून खाली आला. हेमानं तो हत्ती चांदात बसवलाय. बाया पुढं सरकून बघायल्या. हेमा, मी आयुष्यात इतक्यांदा देवाचं नाव घेतलं, पण त्या घडीला कुणाचं घ्यावं हे मला कळेना.

तेवढ्यात सरजाबाई तसबिरीला नाक लावून म्हणली, मग ह्याचा एक दात कुटं गेला? मोडका दात मी तसाच ठेवला होता. चार पाय दिले, शेपूट दिलं, दुसरा सुळा विसरले. विशाखा म्हणली, गोष्टीत तर त्याला सहा दात असतात. मी म्हणलं, म्हातारा झाला असंल, माझे बघ किती राहिलेत. सरजाबाई हसली. तिचे तर माझ्यापेक्षाबी कमी हायेत, सगळं तोंड उघडून हसली. कापसाच्या ओळीत हसायची तशीच.

मग पंगत. पत्रावळीवर वाढलं आणि आख्ख्या मांडवाची नजर माझ्या हातावर. वांगं तिखट होतं, वरण बरं होतं, बुंदी झकास. मी बुंदी मागून घेतली. कुणाला दाखवायला न्हाई, चांगली होती म्हणून. सरजाबाई समोर बसून मला जेवताना बघत होती, आणि मी पाणी प्याल्यावर उठून दुसऱ्या कामाला गेली.

निघताना ती वाड्याच्या तोंडापर्यंत आली. कमल पुढं होती. हळूच म्हणली, मनकर्णाबाई, हत्तीचं पोट असं नसतं. आत कोण बसलंय ते मला दिसलं. बसू दे आता, आलाय तर. पण सांगून ठेव, इथं निवद मिळायचा न्हाई. विशाखाला मी काही बोलत न्हाई, तिचा हत्ती तिला राहू दे. मी म्हणलं, कापूस फुटल्यावर येशील का? म्हणली, मजुरीला न्हाई. बसायला येईन. मी म्हणलं, बसायलाच ये म्हणायलेय, तुझ्यानं आता वेचणं व्हायचं न्हाई. त्यावर तिनं मला एक शिवी दिली, ती इथं लिहीत न्हाई. पण घरापर्यंत मी हलकी चालले.

आता हे सगळं लिहायचं कारण. विशाखाचा नवरा नांदेडला पोस्टात हाय, तुझ्या घरापासून लांब न्हाई. रविवारी ती तुझ्याकडं येणार, मला तसं सांगून गेलीय. ती हत्तीबद्दल बोलंल. तू डोळे मोठे करून कोणता हत्ती म्हणू नकोस, तुलाच सुचला म्हण. आणि दार तू उघड, सासूला उघडू देऊ नकोस. गेल्या साली तुझ्या घरी आले तवा मोरीवरच्या फळीवर एक कपबशी वेगळी उलटी घालून ठेवलेली बघितली होती मी. कुणासाठी ते इचारलं न्हाई, तुझी खाली गेलेली मान बघितली. तुला लग्नाला न धाडायचं खरं कारणबी तेच. तवा बोलले न्हाई, कारण तशीच एक आपल्या घरीबी होती, कोनाड्यात, मीच ठेवलेली. हे पत्र तुझ्याआधी सासूच्या हातात पडलं तर बरंच, विहीणबाई, वाचत असाल तर नमस्कार, दुसरीपर्यंत मीबी शिकलेय. विशाखाला आत बसव आणि सगळ्यांच्या कपात चहा दे. सासूनं इचारलं तर माझं नाव सांग. आपली कोनाड्यातली कपबशी मी लग्नाहून आल्यावर काढली. फोडली न्हाई, चांगली वस्तू कशाला फोडायची. घासली आणि बाकीच्या कपात मिसळून टाकली. आज सकाळी कमलनं मला चहा दिला तो तिच्यातच आला. कान जरा उडालाय, बाकी चहा तसाच लागला.

तुझीच,
मनकर्णा आज्जी